पेरलेलं आश्चर्य, विकलेलं आश्चर्य

जपानमध्ये स्टेशनाबाहेर, खेळण्यांच्या दुकानात, कुठे कुठे जिन्याखालच्या मोकळ्या जागेतही पारदर्शक पेट्यांची रांग दिसते. फटीत नाणं घालायचं आणि मूठ फिरवायची. आत ‘गाचा-गाचा’ असा आवाज होतो आणि खालच्या तोंडाशी प्लास्टिकची गोल डबी ‘पोन’ करून पडते. म्हणून या पेटीला गाचापोन म्हणतात. ही यंत्रं १९६५ साली अमेरिकेतून जपानात आली. १९७७ साली बांदाई कंपनी या धंद्यात उतरली तेव्हा तिने १०० येनचं यंत्र आणलं. डबीत काय निघेल ते ठाऊक नसतं, पण पेटीच्या दर्शनी बाजूला एक कागद लावलेला असतो आणि त्यावर आतल्या पाच-सहा प्रकारच्या वस्तूंची चित्रं छापलेली असतात. किती डब्या उरल्यात तेही बाहेरून दिसतं. हे दोन तपशील लक्षात ठेवा, कारण पुढचा सगळा वाद त्यांच्यापाशीच येणार आहे.

‘गाचा’ हे आज मोबाइल गेममधल्या एका विक्रीपद्धतीचं नाव झालं आहे. पैसे भरा, बटण दाबा आणि कोणतं पात्र किंवा कोणतं हत्यार हाती लागतं ते पाहा. पाश्चात्त्य गेममध्ये याच्याच भावंडाला लूट बॉक्स म्हणतात. जून २०१९ मध्ये ब्रिटिश संसदेच्या समितीपुढे इलेक्ट्रॉनिक आर्ट्स कंपनीच्या प्रतिनिधीने सांगितलं की आम्ही याला लूट बॉक्स म्हणत नाही, ‘सरप्राइज मेकॅनिक्स’ म्हणतो. दाखला दिला तो आत खेळणं असलेल्या चॉकलेटच्या अंड्याचा. गाचाची बाजू घेणारे अशा वेळी जपानी संस्कृतीकडे बोट दाखवतात. जपानात नववर्षाला दुकानात ‘फुकुबुकुरो’ मिळते, म्हणजे आत काय आहे ते न सांगता विकलेली पिशवी. देवळात ‘ओमिकुजी’ काढतात, म्हणजे भविष्याची चिठ्ठी. चौकाचौकात गाचापोन आहे. मग गेममधला गाचा हा त्याच घरातला धाकटा, त्याला वेगळा न्याय कशाला?

हा दाखला अर्धाच खरा आहे. जपानी संस्कृतीने व्हिडिओ गेमला आश्चर्य घडवायला शिकवलं, हे नक्की. पण त्या शिकवणीत आश्चर्याला शिस्त होती आणि गाचाने नेमकी तीच काढून टाकली. म्हणून गाचावर कायद्याची बंधनं घालावीत, आपल्याकडेही घालावीत, आणि संस्कृतीचं कारण पुढे करून कुणाला त्यातून सूट देऊ नये, असं माझं मत आहे.

आधी घडवलेल्या आश्चर्याकडे जवळून पाहू. १९८५ च्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ची पहिली लेव्हल घ्या. मारिओ पडद्याच्या डाव्या बाजूला उभा असतो आणि उजवीकडे मोकळी जागा असते, त्यामुळे कुठे जायचं ते सांगावं लागत नाही. चार पावलांवर प्रश्नचिन्हाची वीट चमकत असते आणि समोरून गूम्बा चालत येतो. त्याला नुसतं धडकलं तर जीव जातो, हे एका चुकीत कळतं. मग विटेतून अळंबी निघते. ती उजवीकडे सरकते, जमिनीवर पडते, हिरव्या पाइपवर आपटून उलटी फिरते आणि थेट मारिओच्या अंगावर येते. आत्ताच शिकलेला धडा सांगतो की अंगावर येतं ते वाईट. खेळणारा घाबरून उडी मारतो, पण डोक्यावर विटांची रांग असते. मारिओ विटेवर आपटून खाली येतो आणि अळंबी त्याला लागते. जीव जायच्या ऐवजी तो मोठा होतो. ही मांडणी मुद्दाम केलेली आहे, असं शिगेरू मियामोतो यांनी स्वतः समजावून सांगितलं आहे. त्याच लेव्हलमध्ये पुढे समोरासमोर दोन जिने येतात आणि मध्ये जमीन असते. उडी चुकली तरी काही बिघडत नाही. त्यानंतर लगेच तसेच दोन जिने येतात, पण मध्ये खोल खड्डा. पहिल्या जोडीवर केलेला सराव दुसऱ्या जोडीवर कामी येतो.

या रचनेला जपानी भाषेत जुनं नाव आहे: कि-शो-तेन-केत्सु. ‘कि’ म्हणजे सुरुवात, ‘शो’ म्हणजे वाढ, ‘तेन’ म्हणजे कलाटणी आणि ‘केत्सु’ म्हणजे सगळं जुळवून आणणं. मूळ चिनी चार ओळींच्या कवितेचं. तिथून ते जपानी निबंधलेखनात आणि चार चौकटींच्या कॉमिकमध्ये रुजलं. ‘सुपर मारिओ थ्रीडी लँड’चे दिग्दर्शक कोइची हायाशिदा यांनी २०१२ साली एका मुलाखतीत सांगितलं की आमच्या लेव्हल याच चार पायऱ्यांवर उभ्या असतात. आधी नवी गोष्ट अशा जागी दाखवायची, जिथे चुकलं तरी नुकसान नाही. मग तीच थोड्या अडचणीत टाकायची. तिसऱ्या पायरीवर तिचं असं रूप दाखवायचं, ज्याची कल्पनाच नव्हती. शेवटी शिकलेलं वापरून दाखवायची संधी द्यायची. कलाटणी तिसऱ्या पायरीवर येते, तिचं वजन पहिल्या दोन पायऱ्या पेलतात.

फसतं कुठे, तेही गेम बनवणाऱ्यांना चांगलं ठाऊक असतं. दुसरी पायरी गाळली की कलाटणी ही नुसता दचका होते. खेळणारा दचकतो, पण त्याला काही उमजत नाही, आणि मेला तर ‘हा गेमचा लबाडपणा आहे’ म्हणतो. एकाच वेळी नवी जागा आणि नवा शत्रू असं दोन्ही आणलं, तर जीव नेमका कशाने गेला तेच कळत नाही. आणि कलाटणीआधी खेळ साठवायची जागा फार मागे ठेवली, तर दुसऱ्या खेपेला तिथे पोचेपर्यंत आश्चर्याची जागा कंटाळ्याने घेतलेली असते.

प्रेक्षकाला आधीपासून माहीत असलेलं आश्चर्य पुन्हा कसं घडवावं, याचा माझ्या मते सर्वात सुंदर नमुना ‘बायोहॅझर्ड’मध्ये आहे. बाहेरच्या जगात या मालिकेला ‘रेसिडेंट ईव्हल’ म्हणतात. १९९६ च्या मूळ गेममध्ये वाड्यातला एक अरुंद बोळ लागतो, एका बाजूला खिडक्या. अर्धा बोळ ओलांडला की काच फुटते आणि कुत्रा आत झेप घेतो. हा क्षण इतका गाजला की २००२ साली तोच गेम नव्याने बनवला तेव्हा जुने खेळाडू त्या खिडक्यांपाशी हात आवरूनच गेले. या वेळी काच फक्त तडकते. कुत्रा येत नाही. खेळणारा सुटकेचा श्वास टाकून पुढे जातो, आणि पुढे कधीतरी त्याच बोळातून परतताना काच फुटते. नव्या गेमने जुन्या खेळाडूंची आठवण हीच पहिली पायरी म्हणून वापरली.

नोह या जुन्या जपानी नाट्यप्रकाराचे आचार्य झेआमी यांनी सहाशे वर्षांपूर्वी नटांना सांगून ठेवलं होतं की अभिनयाचं ‘फूल’ म्हणजे प्रेक्षकाला अपूर्व वाटेल अशी गोष्ट, आणि ते लपवलं तरच फूल. पुढे जाऊन ते म्हणतात की काहीतरी लपवलं आहे, याचीही प्रेक्षकाला चाहूल लागू देऊ नये. २००२ च्या त्या बोळात हे तंतोतंत उतरलं आहे. ‘आता आश्चर्य येणार’ असं जिथे आधीच जाहीर केलेलं असतं, तिथे झेआमींच्या हिशेबाने फूल उमलत नाही. गाचाचं बटण दाबणाऱ्याला आश्चर्य येणार हे ठाऊकच असतं. तिथे लपवलेला असतो तो फक्त निकाल.

घडवलेल्या आश्चर्याला खूण असते. २०११ च्या ‘डार्क सोल्स’मध्ये काही खजिन्याच्या पेट्या म्हणजे पेटीचं सोंग घेतलेले राक्षस असतात. पेटी उघडायला गेलं की ती दात विचकून खेळणाऱ्यालाच तोंडात घेते. पण साध्या पेटीच्या बाजूची साखळी मागे वळलेली असते आणि सोंगाड्याची पुढे सरळ पडलेली असते. थोडा वेळ उभं राहून पाहिलं तर ती पेटी श्वास घेतानाही दिसते. एकदा फसलेला खेळाडू पुढच्या प्रत्येक पेटीपाशी थांबतो, साखळी बघतो, शंका आली तर आधी तलवारीने ठोकून बघतो. म्हणजे त्याच्या पहिल्या मरणातून त्याला काहीतरी मिळालेलं असतं.

हे सगळं केवळ जपानीच आहे, असा दावा मी करणार नाही. अमेरिकेत १९८० साली ‘ॲडव्हेंचर’ या अटारीच्या गेममध्ये वॉरन रॉबिनेट यांनी स्वतःचं नाव एका गुप्त खोलीत लपवलं होतं. आणि जपानातही सगळं श्रेय संस्कृतीला देऊन चालणार नाही. ‘सुपर मारिओ ब्रदर्स’चं कार्ट्रिज अवघं ४० किलोबाइटचं होतं. एवढ्याशा जागेत महिनोन्‌महिने पुरेल असा खेळ बसवायचा, तर अदृश्य विटा आणि छतावरून जाणाऱ्या चोरवाटा ठेवण्यावाचून गत्यंतर नव्हतं. साधनांची टंचाई आणि जुनी रीत यांची गाठ पडली, असं म्हणणं जास्त रास्त.

मात्र या गुपितांभोवती जे समाजजीवन उभं राहिलं ते जपानी वळणाचं होतं, आणि मला ते फार मोलाचं वाटतं. जपानीत ‘उरावाझा’ असा शब्द आहे, म्हणजे पडद्यामागची युक्ती. नामको कंपनीचा १९८४ चा ‘टॉवर ऑफ द्रुआगा’ हा गेम अशा युक्त्यांवरच उभा होता. मासानोबु एंदो यांनी ६० मजल्यांचा मनोरा रचला आणि जवळपास प्रत्येक मजल्यावर एक खजिना लपवला. तो कसा उघडायचा ते गेममध्ये कुठेच लिहिलेलं नाही. पहिल्या मजल्यावर तीन हिरव्या स्लाइम मारल्या की तांब्याची कुदळ मिळते, हे सोपं. वरच्या मजल्यांवरच्या अटी विचित्र होत जातात आणि काही खजिने सुटले तर शेवट गाठताच येत नाही. एकट्याला हे सुटणं जवळपास अशक्य. म्हणून गेम सेंटरमध्ये यंत्राशेजारी वही ठेवलेली असे. ज्याला जे सापडलं ते तो लिहून ठेवी, दुसरा येऊन त्यात भर घाली. एकाचं आश्चर्य दहाजणांना फुकट मिळत असे.

‘पोकेमॉन’मधल्या म्यूची गोष्ट याच्याच पुढची. फेब्रुवारी १९९६ मध्ये ‘रेड’ आणि ‘ग्रीन’ बाजारात आले तेव्हा १५० पोकेमॉन असल्याचं जाहीर होतं. पण चाचणीसाठी वापरलेले प्रोग्राम शेवटी काढल्यावर कार्ट्रिजमध्ये सुमारे ३०० बाइट जागा उरली होती. शिगेकी मोरिमोतो यांनी तिथे १५१ वा पोकेमॉन बसवला. गेमच्या दोषांमुळे काही मुलांना तो दिसला आणि शाळाशाळांत कुजबुज सुरू झाली. मग ‘कोरोकोरो’ मासिकाने सोडत जाहीर केली: फक्त २० मुलांच्या कार्ट्रिजमध्ये म्यू घालून मिळेल. अर्ज आले सुमारे ७८,०००. ही सोडतच होती, नशिबाचाच खेळ होता. पण दहा हजार येन जास्त भरून शक्यता वाढवायची सोय नव्हती. नशीब होतं, पण नशिबाचा मीटर चालू नव्हता.

आता गाचाकडे येऊ. २००४ साली ‘मेपलस्टोरी’ या कोरियन गेमच्या जपानी आवृत्तीत १०० येनला गाचापोनचं तिकीट विकायला सुरुवात झाली. पुढे मोबाइलवरच्या जपानी गेमनी हीच रीत धंद्याचा कणा केली. नाव पेटीचं घेतलं, यंत्राचा आवाजही घेतला. पण पेटीचं गणित बदललं.

समजा खऱ्या पेटीत ५० डब्या आहेत आणि हवी ती बाहुली एकाच डबीत आहे. काढलेली डबी परत आत जात नाही, त्यामुळे सगळ्यात फुटक्या नशिबालाही ती ५० व्या खेपेला मिळणारच. सरासरी काढली तर साडेपंचवीस खेपा. गेममधला गाचा ‘दोन टक्के शक्यता’ सांगतो, म्हणजे पन्नासात एक. ऐकायला दोन्ही सारखंच. पण इथे बटण दाबल्यावर डबी पुन्हा पेटीत जाते आणि पेटी पहिल्यासारखी भरते. सरासरी ५० खेपा लागतात. ५० खेपांनंतरही हात रिकामा राहण्याची शक्यता ३६ टक्क्यांहून थोडी जास्त आहे, १०० खेपांनंतर १३ टक्के आणि १५० खेपांनंतरही जवळपास ५ टक्के. दहातल्या नऊ जणांना वस्तू मिळायची असेल तर ११४ खेपांची तयारी हवी. ढोबळ हिशेब हवा असेल त्याने १०० ला जाहीर टक्क्याने भागावं आणि आलेल्या आकड्याला २.३ ने गुणावं. अर्ध्या टक्क्याच्या पात्रासाठी हा आकडा ४६० येतो. एक खेप ३०० येनची असेल तर १,३८,००० येन.

आणि खरी पेटी भरलेली आहे की रिकामी होत आली आहे, हे डोळ्यांना दिसतं. गाचात दिसतो तो नाच. बटण दाबलं त्याच क्षणी सर्व्हरवर निकाल लागलेला असतो. त्यानंतर पडद्यावर जो गोळा निळ्याचा सोनेरी होतो, सोनेरीचा सप्तरंगी होतो, ते सगळं निकालानंतरचं नाटक. ही कला पाचिंको या जपानी जुगारयंत्रातून आली. पाचिंकोच्या यंत्रात लोखंडी गोळी ठरावीक भोकात शिरताच आतली चिप निकाल ठरवते, आणि नंतर पडद्यावर तीन आकडे फिरतात. त्यातले दोन सारखे आले की त्याला ‘रीच’ म्हणतात. हा शब्द माजाँग या सोंगट्यांच्या खेळातला, एक सोंगटी कमी असल्याची घोषणा. तिसरा आकडा सावकाश, रडतखडत थांबतो, आणि ‘थोडक्यात हुकलं’ असं वाटतं. प्रत्यक्षात काहीच थोडक्यात हुकलेलं नसतं. पाचिंकोच्या दालनात १८ वर्षांखालच्या मुलाला कायद्याने प्रवेश नाही. तोच नाच दाखवणारा गाचा मात्र शाळेतल्या मुलाच्या हातातल्या फोनवर चालतो. ही विसंगती मला अक्षम्य वाटते.

‘थोडक्यात हुकलं’ हा भास सर्वात क्रूरपणे वापरला गेला तो ‘कॉम्पु गाचा’त. ‘कॉम्प्लीट’ या शब्दाचं हे जपानी रूप. सहा कार्डांचा संच पूर्ण केला तर दुर्मीळ बक्षीस, अशी ही योजना. सहाही कार्डं सारख्याच शक्यतेने निघतात असं धरलं, तरी संच पुरा व्हायला सरासरी १४.७ खेपा लागतात. त्यातल्या तब्बल सहा खेपा एकट्या शेवटच्या कार्डाला. पाच कार्डं हातात असलेल्याला वाटतं की पाच षष्ठांश काम झालं. खर्चाच्या हिशेबाने ते साठ टक्क्यांच्या आतच असतं. आणि शेवटचं कार्ड मुद्दाम दुर्मीळ ठेवलं तर या हिशेबाला तळच उरत नाही.

संस्कृतीचा दाखला देणाऱ्यांनी इथे थांबून विचार करावा, कारण कॉम्पु गाचावर बंदी घातली ती जपाननेच. जपानात बक्षीस-योजना आणि जाहिरातींवर नियंत्रण ठेवणारा कायदा १९६२ पासून आहे. त्याखालच्या नियमांत ‘कार्ड जुळवा, बक्षीस मिळवा’ ही पद्धत पूर्वीपासून निषिद्ध आहे. पाकिटातली कार्डं जमवायला मुलं पाकिटांवर पाकिटं घेतात आणि आपण किती जवळ आलो याचा त्यांचा अंदाज हमखास चुकतो, हे त्या समाजाने मोबाइल यायच्या कितीतरी आधी ओळखलं होतं. मे २०१२ मध्ये तिथल्या ग्राहक व्यवहार संस्थेने कॉम्पु गाचा याच कलमात बसतो असं जाहीर केलं. बातमी फुटताच ग्री आणि डीएनए या दोन मोठ्या कंपन्यांचे शेअर कोसळले. १ जुलै २०१२ पासून अंमल सुरू झाला. साधा गाचा मात्र सुटला. तिथे पैसे देऊन मिळते ती खुद्द विकलेली वस्तूच असते, खरेदीवरचं बक्षीस नव्हे, असा तो कायदेशीर युक्तिवाद. मला तो पटत नाही. ग्राहकाची फसगत ज्या कारणाने होते ते कारण दोन्हीकडे तेच आहे.

सुटलेल्या गाचाने काय केलं ते २०१६ च्या नववर्षाला दिसलं. ते माकडाचं वर्ष होतं. जपानी नववर्ष, बारा प्राण्यांचं राशिचक्र आणि ‘फक्त या दिवसांपुरतं’ हे जपानी दुकानदारीचं आवडतं सूत्र, तिन्ही एकत्र आणून ‘ग्रँब्लू फँटसी’ या गेमने माकडाच्या राशीचं अंचिरा हे पात्र गाचात ठेवलं. त्या वर्गातली पात्रं निघण्याची शक्यता वाढवली आहे, असं सांगितलं होतं. पण एकट्या अंचिराची शक्यता किती, हे सांगितलं नव्हतं. एका खेळाडूने थेट प्रक्षेपण करत बटण दाबायला सुरुवात केली आणि ते पात्र मिळेपर्यंत २,२७६ खेपा झाल्या. खर्च सुमारे ६ लाख ८० हजार येन. ओरड इतकी झाली की कंपनीने ‘तेनजो’ आणलं. तेनजो म्हणजे छत, हाही शब्द जुगारयंत्रांच्या दालनातला. ३०० खेपा झाल्या की हवं ते पात्र निवडून घ्यायचं, म्हणजे कमाल खर्च ९०,००० येन. त्याच वर्षी उद्योगाच्या संघटनांनी शक्यता जाहीर करण्याबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या. छत आलं हे चांगलंच, पण ९०,००० येनचं छत एका काल्पनिक पात्रासाठी ज्या उद्योगाला वाजवी वाटतं, त्याच्या स्वनियमनावर विसंबून राहता येत नाही.

आणि ज्या परंपरांचं नाव घेतलं जातं, त्या तरी काय सांगतात? फुकुबुकुरोच्या पिशवीचा संकेत असा की आतल्या मालाची किंमत पिशवीच्या किमतीहून जास्त असते. मनासारखं निघालं नाही तरी ग्राहक नागवला जात नाही. ओमिकुजीत ‘क्यो’, म्हणजे अशुभ निघालं, तर ती चिठ्ठी देवळाच्या आवारातच बांधून लोक घरी जातात. शुभ निघेपर्यंत चिठ्ठ्या काढत बसायला कुणी सांगत नाही. गाचापोनमध्ये तीच बाहुली दोनदा निघाली तर मित्राशी अदलाबदल करता येते. गाचातलं जास्तीचं पात्र बहुतेक वेळा कुणाला देताही येत नाही. प्रत्येक जुन्या रीतीत तोट्याला बाहेरची वाट आहे. गाचाने ती वाट बुजवली आणि नाव तेवढं ठेवलं.

गाचाशिवाय फुकट गेम कसे चालतील, हा प्रश्न मी उडवून लावणार नाही. गेम बनवायला माणसं लागतात, त्यांना पगार लागतो. पण जपानातच याचं उत्तरही सापडतं: ‘बॉक्स गाचा’. ठरावीक वस्तूंची पेटी, काढलेली वस्तू परत जात नाही, उरलेल्यांची यादी पडद्यावर दिसते. हे खऱ्या गाचापोनचं प्रामाणिक रूप आहे. त्यात नशीब आहे, उत्सुकता आहे, कंपनीला उत्पन्नही आहे, आणि सर्वात जास्त किती खर्च होईल ते पहिल्या खेपेआधीच ठाऊक असतं.

आपल्याकडे शाळेबाहेरच्या दुकानात पुठ्ठ्यावर चिकटवलेल्या चिठ्ठ्या फाडायचा खेळ असायचा. पुठ्ठा संपत आला की मोठं बक्षीस जवळ आलं हे मुलांना कळायचं. दुकानदाराने मोठ्या बक्षिसाची चिठ्ठी आधीच काढून ठेवली असेल तर मात्र ते कळायला मार्ग नव्हता. नुसती शक्यता जाहीर करून भागत नाही, ती कुणीतरी तपासावी लागते, याचं कारण हेच. जानेवारी २०२४ मध्ये दक्षिण कोरियाच्या व्यापार आयोगाने नेक्सॉन कंपनीला ११.६ अब्ज वॉनचा दंड केला, तो याच ‘मेपलस्टोरी’तल्या शक्यता खेळाडूंना न सांगता बदलल्याबद्दल. काही जोड्यांची शक्यता तर शून्यावर आणली होती. त्याच वर्षी मार्चपासून तिथे शक्यता जाहीर करणं कायद्याने सक्तीचं झालं.

भारतात ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन गेमिंगचा नवा कायदा झाला. पैसे लावून पैसे जिंकायचे खेळ त्याने बंद केले, ई-स्पोर्ट्सना मान्यता दिली. गाचा किंवा लूट बॉक्स हे शब्द त्यात नाहीत. ज्या पेटीतून निघालेली वस्तू पैशात मोडता येत नाही, तिचं काय करायचं हे त्या मजकुरावरून स्पष्ट होत नाही. म्हणजे रमी बंद झाली, पण नागपुरात किंवा सांगलीत आठवीतला मुलगा वडिलांच्या यूपीआयवरून बंदुकीच्या रंगासाठी पेट्या उघडतो, त्यावर थेट बोट ठेवणारं काही नाही. जपानात अनेक कंपन्यांनी १५ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी महिन्याला ५,००० येनची मर्यादा ठेवली, म्हणजे आपल्या तीन हजार रुपयांच्या आसपास. भारतात २०२१ साली ‘बीजीएमआय’ हा बंदुकीच्या लढाईचा मोबाइल गेम आला तेव्हा १८ वर्षांखालच्यांसाठी जाहीर झालेली मर्यादा होती दिवसाला ७,००० रुपये.

वाट अगदीच बंद नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापारी प्रथांची व्याख्या आहे आणि तिच्यात विक्री वाढवण्यासाठी चालवलेल्या सोडती आणि नशिबाचे खेळ येतात. नोव्हेंबर २०२३ मध्ये ‘डार्क पॅटर्न’वर, म्हणजे ग्राहकाला गुंगवणाऱ्या ऑनलाइन मांडणीवर, १३ प्रकारांची मार्गदर्शक तत्त्वं निघाली. त्यांत गाचाची भर घालता येईल. पण घालायची तर नीट घालावी. शक्यता वर्गाची नको, प्रत्येक वस्तूची हवी. अंचिराच्या वेळी गफलत तिथेच झाली. छत हवं, आणि आठवडा बदलला म्हणून आधीच्या खेपा पुसल्या जाऊ नयेत. संच पुरा करायच्या योजना सरळ बंद व्हाव्यात. मुलांच्या खात्याची मर्यादा महिन्याची असावी, दिवसाची नको.

आणि किंमत रुपयांत दिसावी. हे किरकोळ वाटेल, पण सगळा डोलारा इथेच उभा आहे. ‘गेनशिन इम्पॅक्ट’ हा चिनी गेम जपानी गाचाच्याच साच्यातला. त्यात एक खेप १६० रत्नांची आणि रत्नांची पाकिटं ६०, ३००, ९८० अशा आकड्यांची. यातल्या एकालाही १६० ने पूर्ण भाग जात नाही. काहीतरी उरतं, आणि उरलेलं वाया जाऊ नये म्हणून पुढचं पाकीट घेतलं जातं. पंचतारांकित पात्र ९० व्या खेपेला नक्की, असं छत तिथे आहे. पण ते पात्र हवं तेच असेल याची खात्री नसते. ते चुकलं तर पुढच्या ९० खेपा. म्हणजे वाईटात वाईट १८० खेपा, २८,८०० रत्नं. हा गुणाकार आज खेळणाऱ्या मुलाने स्वतः करायचा असतो. हा गुणाकार पाकिटाच्या किमतीशी जुळवून येणारी रुपयांतली रक्कम, मुलाने बटण दाबायच्या आधी, त्याच बटणावर लिहिलेली हवी.